उचलली पिशवी, लावली खांद्याला

मराठीत 'चला' हे एका शब्दाचं पूर्ण वाक्य आहे. त्यात कर्ता नाही, कर्म नाही, आणि कुठे, कशाने, किती दिवस, परत केव्हा यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. तरीसुद्धा शुक्रवारी रात्री ताटावरून उठता उठता घरातलं एखादं माणूस 'चला, उद्या कुठेतरी जाऊन येऊ!' असं म्हणालं, की घरात उत्साहाची लाट येते. पोरं टाळ्या पिटतात, कुणीतरी समुद्र म्हणतं, कुणीतरी डोंगर म्हणतं. आणि घरातलं दुसरं एक माणूस काही न बोलता मनातल्या मनात फ्रीज उघडून आत काय काय उरलंय ते बघतं. मला लिहायचं आहे ते या दुसऱ्या माणसाबद्दल.

ठरवून प्रवास करणाऱ्याला आपल्याकडे काडीची प्रतिष्ठा नाही. यादी, टॉर्च, दोरी, हवा भरायची उशी आणि पोट बिघडल्यावर घ्यायची गोळी बरोबर बाळगणारा माणूस हा विनोदी नाटकातच शोभतो. याउलट न ठरवता जाणारा तो रसिक, दिलदार, कलंदर. त्याच्याजवळ उशी नसते म्हणून तो दुसऱ्याची घेतो, आणि त्यालाही लोक मोकळा स्वभाव म्हणतात.

आमचे साडू या दुसऱ्या पंथाचे. 'आम्ही बुवा कधी काही ठरवत नाही,' हे वाक्य ते अशा काही सुरात म्हणतात, की ठरवणाऱ्याला आपण उगीचच जन्माला आलो असं वाटावं. मी पक्का यादीवाला. कोपऱ्यावर काडेपेटी आणायला जातानाही खिशात चिठ्ठी असते. त्यामुळे साडूंच्या दृष्टीने मी म्हणजे माणसाच्या रूपातलं रेल्वेचं वेळापत्रक. फरक एवढाच, की ते निदान कधीतरी चुकतं.

एकदा आम्ही दोघं त्यांच्याकडे पुण्याला मुक्कामाला असताना हा 'चला' झाला. ठिकाण दिवेआगर, वेळ सकाळी सात. या निमित्ताने, न ठरवता निघणं म्हणजे काय असतं हे मला जवळून पाहायला मिळालं. साडूंनी केलेलं काम आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटोपतं. त्यांनी विचारलं, "अगं, गाडीची किल्ली कुठंय?"

बाकीचं ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीबाईंनी केलं. दूधवाल्याला दोन दिवस दूध नको म्हणून फोन केला. घरात होतं ते दूध तापवलं आणि निम्मं विरजलं. कामाला येणाऱ्या बाईंना निरोप पाठवला. चिरलेली भाजी फुकट जाऊ नये म्हणून शेजारी नेऊन दिली. तुळशीला आणि कुंड्यांना दोन दिवसांचं पाणी घातलं. ओला कचरा खाली नेला. साडूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजून पुडीत बांधल्या, वर एक जास्तीची घातली, कारण न ठरवता गेलेला माणूस न ठरवता राहतोही. टॉवेल, पंचे, समुद्रात भिजायचे कपडे आणि भिजल्यानंतरचे कपडे वेगवेगळ्या पिशव्यांत भरले. पोळ्या केल्या. गॅस बंद केला, नळ बघितले, खिडक्या लावल्या, आणि गॅस बंद केला का ते पुन्हा बघितलं. एवढं होईपर्यंत साडू खाली गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. मला म्हणाले, "बायकांना निघायला किती वेळ लागतो बघा!"

मी काही बोललो नाही. पाहुण्याने यजमानाच्या हॉर्नवर टीका करू नये. पण ताम्हिणी घाटात शिरेपर्यंत माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. या सहलीत न ठरवलेलं असं होतं तरी काय? दुधापासून गोळ्यांपर्यंत सगळं ठरवलेलंच होतं. फक्त ठरवणारं माणूस एक आणि न ठरवण्याचा मान घेणारं माणूस दुसरं. मग मोकळेपणा म्हणजे योजना नसणं, की आपल्यासाठी योजना करणारं माणूस घरात असणं? तत्त्वज्ञांनी या प्रश्नाकडे फारसं लक्ष दिलेलं दिसत नाही. बहुधा त्यांचंही विरजण दुसरं कुणीतरी लावत असावं.

जरा खोलात गेलं तर हे प्रकरण घराच्या भिंतींपाशी थांबत नाही. आपण ज्या रविवारच्या जोरावर 'चला' म्हणतो, तो रविवारसुद्धा आभाळातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची हक्काची सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, सह्या गोळा केल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे एका रविवारसाठी सहा वर्षांची आगाऊ तयारी! शनिवारची गोष्टही तीच. महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला तो २०२० सालच्या फेब्रुवारीअखेर, आणि त्याआधी त्या मागणीच्या किती फायली किती टेबलांवर झोपून उठल्या असतील ते त्या टेबलांनाच ठाऊक. लोखंड्यांनी जर 'आम्ही बुवा काही ठरवत नाही' असं म्हटलं असतं, तर आज साडूंना हॉर्न वाजवायला वार उरला नसता.

रेल्वेचं तर विचारूच नका. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी मिळतं; त्यापूर्वी एकशेवीस दिवस आधी मिळत असे. ऐनवेळच्या प्रवाशांसाठी १९९७ साली 'तत्काळ' नावाची सोय निघाली. आता हे तत्काळ तिकीट काढायचं तर आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यासाठी बरोबर दहाच्या ठोक्याला आणि साध्या शयनयानासाठी बरोबर अकराच्या ठोक्याला बोट उचलून सज्ज बसावं लागतं. सत्यनारायणाच्या पूजेचा मुहूर्तही कुणी इतका काटेकोर पाळत नाही. ऐनवेळी जाण्याइतकी तयारी दुसऱ्या कुठल्याही प्रवासाला लागत नाही, हे रेल्वेने सिद्ध करून दाखवलं आहे.

साडूंना मी हे गाडीत ऐकवलं. ते हरणारे नव्हेत. म्हणाले, "अहो, माथेरान कसं सापडलं? कुणी ठरवून शोधलं का?" मुद्दा बिनतोड होता. १८५० सालच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ पायथ्याच्या चौक गावी पडला होता. समोर डोंगर दिसला, साहेब चढून गेले, जागा आवडली, पुढे पुन्हा येऊन त्यांनी तिथे घर बांधलं. १९०७ साली नेरळहून झुकझुक गाडीही वर जाऊ लागली. एका माणसाला सहज वाटलं म्हणून आख्ख्या मुंबईला थंड हवा मिळाली, हे कबूल. पण कलेक्टरचा तळ म्हटला की तंबू ठोकणारे आले, पाणी भरणारे आले, चूल पेटवणारे आले. साहेब डोंगर उतरून खाली आले तेव्हा त्यांना पान तयार हवं असणार. त्या पानाची काळजी करणाऱ्याला समोरचा डोंगर दिसला होता का, त्यालाही वर जावंसं वाटलं होतं का, हे इतिहासाने नोंदवलेलं नाही. इतिहास नेहमी डोंगर चढणाऱ्याच्या बाजूने लिहिला जातो. ज्याला कढी उतू जाण्याची भीती असते तो इतिहास घडवायला जात नाही.

दिवेआगरला पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. जोडून आलेल्या सुट्ट्या. सुपारीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या त्या चिंचोळ्या रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागलेली. चार ठिकाणी चौकशी केली, चारही ठिकाणी खोली नाही. जेवणाचंही तेच. कोकणातल्या घरगुती खाणावळीत माणशी पानं मोजून रांधतात. सकाळी सांगून ठेवलं तर दुपारी जेवण. तिथे नारळ खवणारा हात घरचा असतो आणि तो एकच असतो. 'आधी फोन करायचात' हे वाक्य चौथ्यांदा ऐकल्यावर साडूंचाही कलंदरपणा जरा उन्हाने सुकल्यासारखा दिसू लागला.

पाचव्या घरी एक साठीच्या काकू ओटीवर आल्या. आमची तोंडं बघून म्हणाल्या, "जेवण तसं संपलंय. घरच्यापुरतं आहे. पण आलात तर उपाशी कशाला जाता? बसा."

पानं मांडली गेली. गरम भात, सोलकढी, पापड, आणि वालाचं बिरडं. बिरडं असं झालं होतं, की साडू पहिले पाच मिनिटं चक्क गप्प होते. ज्यांना बिरडं नुसतं खाऊन माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. वाल आदल्या दिवशी भिजत घालावे लागतात. मग ते फडक्यात घट्ट बांधून मोड येईपर्यंत ठेवावे लागतात. मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलावा लागतो, तोही न मोडता. चार माणसांच्या बिरड्याला बोटांची सालं निघतात. जगात ऐनवेळी होऊ शकणारे पुष्कळ पदार्थ आहेत. पिठलं आहे, उपमा आहे, अगदीच वेळ आली तर दहीपोहे आहेत. पण बिरडं ऐनवेळी होत नाही. बिरड्याला दोन दिवस आधी ठाऊक असावं लागतं, की कुणीतरी जेवायला येणार आहे.

आणि कुणीतरी येणार होतंच. दुसरं वाढप चाललं असताना माजघराच्या दारात सात-आठ वर्षांचा एक मुलगा येऊन उभा राहिला. त्याने आमच्या पानांकडे पाहिलं, मग पातेल्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "आजी, बिरडं संपलं?"

"उद्या करू हं," काकू म्हणाल्या. ते 'उद्या' खोटं होतं हे बिरड्याचं गणित येणाऱ्या कुणालाही कळलं असतं. पोरालाही कळलं. ते आत गेलं. थोड्या वेळाने आतून तांदूळ धुतल्याचा आवाज आला. दुपारचे अडीच वाजले होते.

साडूंनी सोलकढीचा शेवटचा घोट घेतला, समाधानाने मागे रेलले आणि म्हणाले, "बघा! न ठरवता सगळं कसं आपोआप जमून येतं!"

ताई आणि आमच्या हिने एकाच वेळी एकमेकींकडे पाहिलं. बहिणी-बहिणींच्या त्या नजरेचं भाषांतर करणं मला जमणार नाही, आणि जमलं तरी साडू हे वाचतात.

काकूंनी पैसे ठरलेल्या दराने घेतले. जास्तीची नोट पुढे केली तर परत केली. व्यवहार म्हणून बघितला तर तो चोख झाला. आम्ही कुणाचं काही लागत नाही. पण मला राहून राहून वाटतं, की ताटाचे पैसे देता येतात, 'उद्या करू हं'चे देता येत नाहीत. आपोआप जमून येणाऱ्या गोष्टींत हाच एक घोटाळा आहे. 'आपोआप' या शब्दाच्या मागे माजघर असतं, आणि ओटीवर बसलेल्याला ते दिसत नाही.

कुणी म्हणेल, अहो, आपली संस्कृतीच अतिथीची! अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, अशी फोड आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. व्याकरणवाले हा शब्द 'अत्' म्हणजे हिंडणे या धातूपासून काढतात, पण लोकांनी तिथीचाच अर्थ उचलून धरला आहे. कारण तिथी न कळवता जाणाऱ्यांची संख्या वैयाकरणांपेक्षा नेहमीच जास्त होती. तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीला देव मानायला सांगितलं, तेही खरं. मात्र हा उपदेश यजमानाला केलेला आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. 'तू देव आहेस, तेव्हा खुशाल जा आणि पान मांडायला सांग,' असं कुठल्याही ऋषीने पाहुण्याला सांगितलेलं माझ्या वाचनात नाही.

आणि त्या जुन्या काळीही हे प्रकरण सरळ नव्हतं. कठोपनिषदातला नचिकेता आधी न कळवता ज्याच्या घरी गेला तो यजमान म्हणजे साक्षात यम. यम नेमका बाहेरगावी. नचिकेता तीन रात्री दारात उपाशी राहिला, आणि परत आल्यावर यमाला एकेका रात्रीमागे एक असे तीन वर भरपाई म्हणून द्यावे लागले. न सांगता आलेल्या पाहुण्याने यमालासुद्धा अडचणीत आणलं, तिथे दिवेआगरच्या काकूंची काय कथा! महाभारतात दुर्वास ऋषी वनवासातल्या पांडवांकडे शिष्यांचा लोंढा घेऊन थडकले ते द्रौपदीचं जेवण झाल्यावर. सूर्याने दिलेली थाळी ती जेवली की त्या दिवसापुरती रिकामी. ऋषी नदीवर आंघोळीला गेले, आणि द्रौपदीने कृष्णाचा धावा केला. कृष्णाने थाळीला चिकटलेलं भाजीचं पान खाल्लं, आणि तिकडे नदीवर शिष्यांची पोटं भरून ढेकरा येऊ लागल्या. आपण ही कथा कृष्णाचा चमत्कार म्हणून सांगतो. मला ती एका बाईच्या छातीतली धडधड म्हणून आठवते. दारात माणसं आहेत आणि भांडं घासून पालथं घातलंय, या क्षणाला जी धडधड होते ती. आणि कृष्ण दर वेळी येतोच असं नाही. बहुतेक वेळा बाईच पुन्हा तांदूळ धुवायला घेते.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, की हा यादीवाला अखेर आपल्या यादीवर आला. याला माणसांनी घरातून हलायलाच नको आहे. तसं नाही. केवळ नीट ठरवून जाऊ या हट्टापायी न झालेल्या सहलींची मोजदाद केली तर झालेल्या सहलींपेक्षा ती जास्त भरेल. परीक्षा संपू दे, पाऊस उघडू दे, गुडघा बरा होऊ दे, असं म्हणता म्हणता गुडघा कायमचाच घरी बसतो. मनाला अचानक पंख फुटतात ते खरेच असतात, आणि ते फार वेळ टिकत नाहीत हेही खरं. 'चला' म्हणणारं माणूस घरात नसेल तर घर म्हणजे नुसती कुलूप लावायची वस्तू होऊन बसते. माझी तक्रार 'चला'बद्दल नाहीच. तो कोण म्हणू शकतं आणि कोणाला म्हणता येत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न माझ्या डोक्यात पहिल्यांदा घुसला तो साताऱ्याला, १९७९ सालच्या थंडीत. आमचं तेव्हाचं घर मोठं, माणसं पुष्कळ, आणि सगळी हिंडण्याची हौशी. कुणाच्याही मनात येई आणि सज्जनगड ठरे. कुणीतरी म्हणे महाबळेश्वर, की दोन तासांत मंडळी एस.टी. स्टँडवर. घर कोण बघणार, म्हाताऱ्या आजीला औषध कोण देणार, गाय कोण बांधणार, असले प्रश्न आमच्याकडे कधी पडलेच नाहीत, कारण घरी आत्या असे. आत्या ऐन तारुण्यात माहेरी परत आली होती ती कायमची. 'घरी आत्या आहेच' हे आमच्या घरातलं दुसरं 'चला' होतं. पहिलं म्हणता यायचं ते दुसऱ्याच्या जोरावर. ती आम्हाला दशम्या बांधून देई, मेतकुटाची पुडी देई, आणि जाताना दारात उभी राहून 'सांभाळून रे' म्हणे. तिला कधी कुणी चल म्हटलं नाही असं नाही. म्हणत. पण ते अशा वेळी म्हणत, की तिने 'नको, तुम्ही या जाऊन' हेच उत्तर द्यावं.

एका दुपारी आत्या घरात दिसेना. चहाची वेळ टळली, तरी नाही. परड्यात नाही, देवळात नाही, शेजारी नाही. वडील सायकल काढून दवाखान्यात जाऊन आले. अंधार पडायला लागला तेव्हा कुणीतरी दोरीला कंदील बांधून मागच्या विहिरीत सोडला. मी काठाला उभा होतो. पाण्यात कंदिलाचा उजेड हलत होता आणि मोठी माणसं एकमेकांकडे न बघता खाली बघत होती. बाई न सांगता घराबाहेर गेली म्हणजे ती देवळात असेल, दवाखान्यात असेल, नाहीतर विहिरीत. चौथी जागा कुणाला सुचेना.

दिवेलागणीनंतर आत्या पुढच्या दाराने आली. लुगड्याचा काठ ओला, हातात चुरमुऱ्यांची पुडी. "माहुलीला गेले होते," म्हणाली, "संगमावर." रामशास्त्री प्रभुण्यांची माहुली. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात ते घाट गावापासून काही कोसांवर नाहीत, एस.टी.ने थोडक्यात पोचता येतं.

"कशाला गेली होतीस?" वडिलांनी विचारलं.

"बसायला."

"अक्का, अगं, निदान सांगून तरी जायचंस!"

आत्याने पुडी कोनाड्यात ठेवली. "सांगितलं असतं तर जाणं झालं नसतं," ती म्हणाली, आणि तांदूळ घ्यायला आत गेली.

त्या रात्री जेवणं साडेनऊला झाली. ती कुणामुळे उशिरा झाली हे घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी बोलून दाखवलं. रोज ती कुणामुळे वेळेवर होतात, हे त्याआधी कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. घरातले पुरुष न ठरवता गेले की ते हौशी. आत्या गेली की ती न सांगता गेली. क्रिया तीच, नुसतं क्रियाविशेषण बदललं आणि कंदील विहिरीत उतरला.

आता तर्कशास्त्राला धरून कुणी विचारील, की ज्याच्या सहजपणाची किंमत दुसरा भरतो तो सहजपणा खोटा, असा तुमचा नियम असेल, तर मग तो आत्यालाही लागू करा. तिच्या दुपारीची किंमत घरच्यांनी भरलीच की! मी या आक्षेपावर पुष्कळ विचार केला आहे. माझं उत्तर बँकेतल्या माणसाला चटकन पटेल. ज्याच्या खात्यावर पंचवीस वर्षांची शिल्लक आहे त्याने त्यातली एक दुपार काढली, तर त्याला कर्ज म्हणत नाहीत. कर्ज म्हणतात ते, ज्याने आयुष्यात कधी काही भरलं नाही आणि दर शनिवारी काढतो, त्याच्या व्यवहाराला. गंमत म्हणजे बँक अशा माणसाला नोटीस पाठवते आणि घर त्याला दिलदार म्हणतं.

आत्या पुन्हा कधी अशी गेली नाही. आज ती असती तर तिला एस.टी.त अर्धं तिकीट पडलं असतं. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना ती सवलत आहे. सवलत चांगली आहे, भरलेल्या गाड्याच ते सांगतात. पण 'कुठे जातेस, कधी येतेस, भाजी काय करून ठेवलीस' या तीन तिकिटांवर सूट देणारं परिपत्रक अजून कुठल्याही सरकारने काढलेलं नाही. ते घरच्या घरीच काढावं लागतं.

आमच्या घरापुरतं आम्ही ते काढलं आहे. कलमं तीनच. पहिलं: जो 'चला' म्हणेल त्याने दूधवाल्यापासून दाराच्या कुलपापर्यंतची सगळी कामं करायची, हॉर्न वाजवायचा नाही. दुसरं: जिथे जेवायला जायचं तिथे निदान त्यांनी तांदूळ वैरायच्या आत फोन करायचा. आणि तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं: 'चला' पाळीपाळीने म्हणायचा, आणि ज्याची पाळी नसेल त्याने चेहरा न पाडता 'घरी मी आहेच' म्हणायचं. हे 'घरी मी आहेच' म्हणायला फार मोठं मन लागतं असं मला वाटत असे. प्रत्यक्षात मनापेक्षा कुकरच्या शिट्ट्यांचं ज्ञान जास्त लागतं.

ही कलमं मी साडूंनाही वाचून दाखवली. ते म्हणाले, "छान आहेत, पण इतकं ठरवलं तर त्यात मजा काय?" ताई ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

परवाच्या शुक्रवारी रात्री साडेआठला ताईंचा हिला फोन आला. दोन मिनिटं बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे ही एक पिशवी खांद्याला लावून दारात उभी. मी विचारलं, "कुठे निघालात दोघी?"

"ठरवलं नाही," ती म्हणाली.

पुढचा प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर होता. मला माहुलीची आठवण झाली आणि मी तो गिळला. म्हटलं, "सांभाळून जा. घरी मी आहेच." ही गेली. मी दूध आत घेतलं, गॅसवर ठेवलं आणि उतू जाऊ नये म्हणून त्याच्यासमोर उभा राहिलो. दूध तापायला किती वेळ लागतो, याचा अंदाज घरात इतकी वर्षं काढून मला आला नव्हता. तेवढ्या वेळात माणसाचं पुष्कळ चिंतन होतं.

नऊ वाजता साडूंचा फोन. आवाज नेहमीचा नव्हता. दिवेआगरच्या चौथ्या खाणावळीसमोर होता तसा होता.

"अहो," ते म्हणाले, "विरजण लावायचं तर दही किती घालतात हो?"

"थांबा," मी म्हटलं, "मी शेजारच्या काकूंना विचारून आपल्या दोघांसाठी लिहूनच घेतो."